डेबियन १३ मधली गणित-विज्ञानाची पॅकेजं: लॅबमध्ये वापरून दिलेला अभिप्राय

नेरूळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी न्यूमरिकल मेथड्सचं प्रॅक्टिकल घेते. लॅबमधल्या मशिनींवर आधी डेबियन या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची १२ वी आवृत्ती होती, दिवाळीच्या सुट्टीत १३ टाकलं. डेस्कटॉप कसा दिसतो यावर मी काही लिहिणार नाही. ऑक्टेव्ह आणि आर या आकडेमोडीच्या भाषा, आणि नम्पाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब या पायथनच्या लायब्ररी, ही साधनं डेबियन आयती पॅक करून देतं, अभिप्राय त्यांच्यापुरता आहे. आमच्याकडे सगळं एपीटीनेच, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या पॅकेज टाकण्याच्या साधनानेच, घेतलेलं आहे.

मला सर्वांत मोल वाटतं ते पॅकेजांचा एकमेकांशी मेळ बसवलेला असतो याचं. जून २०२४ मध्ये नम्पाय २.० आलं तेव्हा त्याचा बायनरी इंटरफेस (कंपाइल केलेल्या कोडशी जोडणारा सांधा) बदलला आणि जुन्या नम्पायवर कंपाइल केलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडून चालणारी मॉड्यूल्स, नव्यावर चालेनात. घरी पिपने, म्हणजे पायथनच्या लायब्ररी थेट इंटरनेटवरून टाकणाऱ्या साधनाने, जमवाजमव करणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक असेल: इम्पोर्टच्या ओळीलाच प्रोग्रॅम कोसळतो आणि कारण शोधण्यात अख्खा तास जातो. डेबियनच्या स्वयंसेवकांनी नम्पायवर अवलंबून असलेली पॅकेजं पुन्हा बिल्ड केली, त्यांच्या चाचण्या चालवल्या, मोडलेली दुरुस्त केली, जी सुधारली नाहीत ती बाजूला ठेवली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये पायथन ३.१३ आणि नम्पाय २.२ घेऊन १३ बाहेर आलं. इतकं किचकट काम ही माणसं हौसेने करतात, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

दुसरी गोष्ट ब्लासची, म्हणजे मॅट्रिक्सची आकडेमोड प्रत्यक्ष करणाऱ्या लायब्ररीची. नुसतं नम्पाय टाकलं तर ब्लासची मूळ आवृत्ती येते. उत्तर बरोबर देते, पण संथ आहे. त्यावर ओपनब्लास ही वेगवान आवृत्ती टाकली की नम्पाय, ऑक्टेव्ह आणि आर तिघंही तेच वापरू लागतात, एकाही प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. कुठलं ब्लास वापरायचं ते अपडेट-ऑल्टरनेटिव्ज या एका कमांडने बदलता येतं. मी वर्गात दोन हजार बाय दोन हजारच्या मॅट्रिक्सचा गुणाकार दोन्ही ब्लासवर करून दाखवते. स्क्रीनवर फरक दिसला की अल्गोरिदम एकच असून वेळ वेगळा का लागला, हे पोरं आपणहून विचारतात. पिपने हा प्रयोग असा करता येत नाही, कारण तिथे नम्पाय स्वतःचं ओपनब्लास पोटात घेऊन येतं आणि सायपाय आपलं वेगळं.

आवृत्ती बदलली की त्रास होतोच. आमच्या जर्नलमधल्या सिम्प्सनच्या नियमाच्या प्रोग्रॅममध्ये सायपायचं 'सिम्प्स' हे फंक्शन होतं. १२ मधल्या सायपाय १.१० वर ते चालायचं. १३ मध्ये १.१५ आहे आणि त्यात ते उरलेलं नाही, 'सिम्प्सन' लिहावं लागतं. नम्पायचं 'ट्रॅप्झ' चालतं, पण 'ट्रॅपेझॉइड' वापरा अशी सूचना देतं. जर्नलची ती पानं सुट्टीतच बदलून घेतली. आमचे लॅब असिस्टंट काका म्हणाले, "मॅडम, सुट्टीत एकदा बसून करू, मग सेमिस्टरभर बघायला नको." तसंच झालं. मध्येच सिक्युरिटीचे अपडेट येतात, पण फंक्शन गायब होत नाही. शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं!

आता तक्रारी. "मॅडम, पिप चालत नाहीये, एक्स्टर्नली मॅनेज्ड असं काहीतरी म्हणतंय," हे दर बॅचला ऐकू येतं. पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकू न देण्याची ही अडवणूक १२ पासून आहे आणि मला ती पटते, कारण सिस्टिमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ झाली की बसवलेला मेळ गेलाच. पण ज्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटकडे (सिस्टिमला धक्का न लावता लायब्ररी टाकायच्या वेगळ्या कप्प्याकडे) ती बोट दाखवते त्याचं पॅकेज पायथनसोबत येत नाही, वेगळं टाकावं लागतं. नवख्या मुलाने एका एररमधून सुटून दुसऱ्यात अडकावं, हे बरं नाही. शिवाय पीएचडी करणाऱ्यांना ताज्या आवृत्त्या लागतात. त्यांनी आपल्या होम फोल्डरमध्ये कोंडा-फोर्ज हा पॅकेजांचा वेगळा साठा वापरावा, लॅबच्या मशीनला हात लावू नये.

'सायन्स-' नावाने सुरू होणारी मेटापॅकेजं (एका नावाने अनेक पॅकेजं ओढून आणणारी) मात्र लॅबसाठी घेऊ नका. त्यांच्यासोबत आपल्याला न लागणारं खूप काही येतं. हवी ती पॅकेजं नावाने टाका आणि ऑक्टेव्हचे कंट्रोल आणि सिग्नल हे टूलबॉक्स आठवणीने वेगळे घ्या. एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवलं तर प्रत्येक पॅकेज इंटरनेटवरून एकदाच उतरतं आणि बाकीची मशिनं ते तिथून उचलतात.