बँकॉकच्या मुक्कामातील मोकळे तीन दिवस : आयुथया, सिएम रीप की लुआंग प्रबांग?

सोलापूरहून थायलंडला जायचे म्हणजे आधी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठायची किंवा गाडी करून हैदराबादचा शमशाबाद विमानतळ गाठायचा, आणि परतताना हाच क्रम उलटा करायचा. दहा-बारा दिवसांच्या रजेतील जवळपास दोन दिवस असे घर आणि विमानतळ यांच्या मध्येच खर्ची पडतात. बँकॉक, पट्टाया, फुकेत किंवा क्राबी असा नेहमीचा आराखडा ठरल्यावर दोन-तीन दिवस मोकळे उरतात आणि ‘एवढ्या लांब जातोच आहोत, तर आणखी एखादे ठिकाण जोडून घेऊ’ अशी चर्चा घरात सुरू होते. या चर्चेत बहुधा तीन नावे पुढे येतात : थायलंडमधीलच आयुथया, कंबोडियातील सिएम रीप, म्हणजे अंगकोर वाट मंदिराजवळचे गाव (तिकडे ‘वाट’ म्हणजे मंदिर), आणि लाओसमधील लुआंग प्रबांग. तिन्ही ठिकाणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील स्थळे आहेत आणि तिन्हींची छायाचित्रे सारखीच मोह घालतात, त्यामुळे केवळ स्थळांच्या देखणेपणावरून निवड करू गेल्यास निर्णय होत नाही. हातातील वेळेपैकी प्रत्यक्ष पाहण्यासाठी किती वेळ उरतो आणि सोबत कोण आहे, या दोन प्रश्नांवर ही निवड बऱ्याच अंशी ठरते.

आयुथया बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर आहे. आगगाडीने दीड ते दोन तासांत पोहोचता येते आणि साध्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाचे तिकीट आपल्याकडील पॅसेंजर गाडीइतकेच स्वस्त असते. त्यासाठी व्हिसा, विमान, चलन बदलणे किंवा हॉटेल सोडणे यांपैकी काहीही करावे लागत नाही. सकाळी निघून सायंकाळी परतता येत असल्यामुळे आयुथयाची सहल एका दिवसात पुरी होते.

सिएम रीपचे विमान बँकॉकहून साधारण तासाभराचे आहे. मात्र हा तासाचा आकडा फसवा आहे. बँकॉकच्या वाहतुकीतून विमानतळ गाठणे, आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी दोन-तीन तास आधी हजर राहणे, उतरल्यावर पारपत्र तपासणी करून घेणे आणि त्यानंतर गावात पोहोचणे या सगळ्यात अर्धा दिवस सहज निघून जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेला सिएम रीपचा नवा विमानतळ गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर आहे, तर जुना अगदी जवळ होता. त्यामुळे जुनी प्रवासवर्णने वाचून वेळेचा हिशेब करणाऱ्यांचा तासभर तरी कमी पडतो. जाण्यायेण्याचे दोन अर्धे दिवस वजा केल्यास तीन रात्रींच्या मुक्कामात दोन पूर्ण दिवस हाती येतात. लुआंग प्रबांगचे गणितही असेच आहे. फक्त तिथली उड्डाणे संख्येने कमी असल्यामुळे वेळ आपल्या सोयीची मिळेलच असे नाही आणि तिकीटही बहुधा महाग पडते. म्हणून दोन रात्रींपेक्षा कमी वेळ असेल, तर परदेशी जोडसहलीचा विचार सोडून द्यावा आणि आयुथया पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयुथयाकडे अनेक जण ‘जवळचे म्हणून’ जातात आणि दोन-तीन भग्न मंदिरे पाहून परत फिरतात, हे त्या शहरावर अन्यायाचे आहे. इसवी सन १३५० च्या सुमारास वसलेली आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही सयामची राजधानी चार शतके वैभवात होती. तीन नद्यांनी वेढलेल्या सपाट बेटावर तिचे अवशेष पसरलेले आहेत. वाट महाथात येथील झाडाच्या मुळांत गुरफटलेले बुद्धमुख सर्वांना ठाऊक असते. त्याहून अधिक वेळ मात्र चाओ सॅम फ्राया संग्रहालयाला द्यावा, कारण वाट राचबुराना या मंदिराच्या तळघरातून १९५७ मध्ये मिळालेले सोन्याचे दागिने आणि राजचिन्हे तिथे ठेवलेली आहेत, आणि ती पाहिल्यावरच बाहेरच्या विटांच्या ढिगाऱ्यांमागील संपन्नता डोळ्यांसमोर उभी राहते. सायंकाळी नदीकाठचे वाट चायवत्थनाराम पाहावे. जमीन सपाट आणि अंतरे लहान असल्यामुळे गुडघेदुखीचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना या तिघांत हेच ठिकाण सर्वांत सोयीचे आहे. उणीव एकच, ती म्हणजे सावली फार कमी आहे. सोलापूरच्या उन्हाची सवय असलेल्यांनाही तिथला दमट उकाडा जड जातो, कारण घाम वाळतच नाही.

सिएम रीपची गोष्ट निराळी आहे, आणि तीन रात्री हाताशी असलेल्या सोलापूरकर कुटुंबासाठी माझा कौल तिकडेच आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सूर्यवर्मन दुसरा याने बांधलेले अंगकोर वाट मुळात विष्णूचे मंदिर होते. त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर कुरुक्षेत्राचे युद्ध, लंकेचे युद्ध, यम आणि चित्रगुप्तांसमोर चाललेला न्यायनिवाडा, आणि जवळपास ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन कोरलेले आहे. शरपंजरी पडलेले भीष्म ओळखायला आपल्याला वाटाड्याची गरज पडत नाही. युरोपीय पर्यटक जे माहितीफलक वाचून समजून घेतात, ते आपल्या घरातील आजी नातवंडांना तिथल्या तिथे सांगू शकते, आणि हा लाभ बाकीच्या दोन ठिकाणी एवढ्या प्रमाणात मिळत नाही.

ज्यांनी दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडल येथे जाऊन शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख पाहिला आहे, त्यांनी बांतेय स्रेई हे मंदिर चुकवू नये. सिएम रीपपासून तासाभराच्या अंतरावरील हे लहानसे शिवमंदिर इसवी सन ९६७ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे कुडलच्या लेखाच्या अवघे अर्धशतक आधी. गुलाबी वालुकाश्मावर कैलास हलवणारा रावण, खांडववनाचा दाह आणि वाली-सुग्रीवांचे द्वंद्व इतक्या बारकाईने कोरले आहे की भव्य अंगकोर वाटपेक्षा हे छोटे मंदिरच अनेकांच्या अधिक लक्षात राहते. बायोन येथील प्रचंड दगडी मुखे आणि ता प्रोम येथील झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या भिंती नेहमीच्या फेरीत येतातच. अंगकोर वाट आणि ता प्रोम या दोन्ही ठिकाणच्या जतनकार्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा हात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

खर्चाच्या बाजूने पाहिल्यास मात्र सिएम रीप हे स्वस्त ठिकाण नाही. अंगकोर या मंदिरपरिसराचा एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा आणि तीन दिवसांचा ६२ डॉलरचा आहे; तीन दिवसांचा पास दहा दिवसांच्या आत कोणत्याही तीन दिवशी वापरता येतो. दोन पूर्ण दिवस फिरायचे असल्यास एकेक दिवसाचे दोन पास घेण्याऐवजी तीन दिवसांचा पास घेणे स्वस्त पडते. सायंकाळी पाचच्या सुमारास घेतलेल्या पासावर दुसऱ्या दिवसापासूनची तारीख पडते आणि त्याच संध्याकाळी सूर्यास्तासाठी आतही जाता येते, म्हणून दुपारी पोहोचणाऱ्यांनी तिकीटघर गाठण्याची वेळ जपून ठरवावी. बारा वर्षांखालील मुलांना पास लागत नाही, पण वयाचा पुरावा म्हणून त्यांचे पारपत्र जवळ ठेवावे लागते. व्हिसाचे सुमारे ३० डॉलर धरल्यास विमान आणि हॉटेल वगळून एका प्रौढ व्यक्तीमागे साधारण आठ हजार रुपये वेगळे काढून ठेवावे लागतात. व्यवहार डॉलरमध्ये सर्रास होतात, परंतु फाटकी, दुमडलेली किंवा शाई लागलेली नोट दुकानदार घेत नाहीत. सोलापुरातूनच कोऱ्या आणि लहान रकमेच्या नोटा घेऊन जाणे बरे. चढणीचा विचारही आधीच करावा. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्याचा जिना अतिशय उभा आहे, लहान मुलांना तिथे सोडत नाहीत, आणि खांदे व गुडघे झाकलेले नसल्यास प्रौढांनाही परत पाठवतात. खालच्या ओवऱ्यांमधील शिल्पे मात्र फारशी चढण न करता पाहता येतात, त्यामुळे ज्येष्ठांची सहल वाया जात नाही.

एक अडचण स्पष्टपणे सांगायला हवी. थायलंड आणि कंबोडिया यांच्यातील सीमावाद २०२५ मध्ये चिघळला, जून महिन्यापासून जमिनीवरील नाकी बंद झाली आणि जुलैमध्ये व पुन्हा डिसेंबरमध्ये सशस्त्र संघर्ष झाला. त्यामुळे अरण्यप्रथेत-पोइपेत मार्गाने बसने स्वस्तात जाण्याचा जो सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई, तो आता विसरावा. विमानाचाच विचार करावा, तिकीट काढण्याआधी भारतीय दूतावासाची सूचना वाचावी आणि शक्य तिथे रक्कम परत मिळणारे आरक्षण घ्यावे. घरातील वडीलधाऱ्यांना अशा बातम्यांनी घोर लागत असेल, तर त्या सहलीत कुणाचेच मन रमणार नाही. अशा कुटुंबाने लुआंग प्रबांगचा विचार करावा.

लुआंग प्रबांग हे पाहण्यापेक्षा राहण्याचे गाव आहे. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावरील हे जुने राजधानीचे गाव १९९५ पासून वारसा यादीत आहे. उतरत्या छपरांचे सोळाव्या शतकातील वाट शिएंग थोंग, फ्रेंच अमलातील घरे, पहाटे रांगेने भिक्षेला निघणारे भिक्खू, जवळच्या क्वांग सी धबधब्याचे निळसर पाण्याचे डोह, एवढाच तिथला ऐवज आहे. ज्यांना दिवसभरात सहा ठिकाणे पाहिल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही, त्यांनी तिकडे न जाणेच बरे. भिक्षाविधी हा तिथल्या लोकांचा रोजचा धर्माचार आहे, पर्यटकांसाठीचा कार्यक्रम नाही. म्हणून दूर उभे राहून, फ्लॅश न वापरता, शांतपणे पाहावे.

तरीही सोलापूरच्या एका वर्गासाठी हा पर्याय सिएम रीपच्या तोडीचा, किंबहुना वरचढ ठरू शकतो. ज्या घरांत माग चालतो किंवा चालत असे, ज्यांना ताणा-बाणा, जॅकार्ड आणि रंगाची पक्की-कच्ची बाजू समजावून सांगावी लागत नाही, त्यांना बान शांग खोंग आणि बान फानोम या विणकरांच्या वस्त्यांत अर्धा दिवस कसा गेला ते कळणार नाही. नक्षीचा जादा बाणा हाताने उचलून भरण्याची तिथली पद्धत, नैसर्गिक निळीचे रंगकाम आणि रेशमाचे हातमाग पाहिल्यावर चादरी-टॉवेलांच्या धंद्यातील माणूस प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. ऑक पॉप टॉक या केंद्रात विणकाम आणि रंगकामाचे लहान वर्गही चालतात. कंबोडियातही चौकड्यांचा सुती पंचा, म्हणजे क्रामा, घरोघरी वापरात आहे, पण विणकर डोळ्यांसमोर काम करताना पाहण्याची सोय लुआंग प्रबांगमध्ये अधिक सहज आहे.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी कुटुंबांनी तिन्ही ठिकाणी सारखीच दक्षता घ्यावी, कारण भाज्यांच्या पदार्थातही मासळीचा रस किंवा आंबवलेल्या मासळीची चटणी घालण्याची रीत या सर्व देशांत आहे. सिएम रीपमध्ये भारतीय खाणावळी पुरेशा आहेत, लुआंग प्रबांगमध्ये मोजक्या आहेत आणि आयुथयात दुपारचे जेवण बांधून नेणे श्रेयस्कर आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोबत असल्यास कुठेही अडत नाही, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

ऋतूचा विचार आपल्या सुट्ट्यांना धरून केला पाहिजे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तिन्ही ठिकाणी उत्तम, पण जानेवारीच्या मध्यात गड्ड्याची यात्रा सोडून निघणारे सोलापूरकर थोडेच असतील. दिवाळीची सुट्टी सर्वांत जुळणारी आहे : पाऊस ओसरत आलेला असतो आणि सिएम रीपजवळचे तोनले साप सरोवर पाण्याने भरलेले असते. कोजागरीच्या सुमारास लुआंग प्रबांगला वर्षावासाच्या समाप्तीचा दिव्यांच्या होड्यांचा उत्सव असतो, मात्र त्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. उन्हाळी सुट्टी ही तिन्हींसाठी अडचणीची. मार्च-एप्रिलमध्ये लुआंग प्रबांगच्या परिसरात शेतातील काडीकचरा जाळल्यामुळे हवा धुराने कोंदलेली असते, म्हणून परीक्षा संपताच निघणाऱ्यांनी ते नाव यादीतून काढून टाकावे. अंगकोरला मे महिन्यात जायचेच असल्यास पहाटे पाच ते दहा आणि दुपारी चारनंतर एवढ्याच वेळात फिरावे.

कागदपत्रांत एक बाब हमखास दुर्लक्षिली जाते. कंबोडिया किंवा लाओसला जाऊन परतणे म्हणजे थायलंडमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करणे होय. त्यामुळे मे २०२५ पासून सक्तीचे झालेले थायलंडचे डिजिटल आगमनपत्र पुन्हा भरावे लागते आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो देश सोडताच संपतो. व्हिसामाफीचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी अधिकृत सरकारी संकेतस्थळावर खात्री करावी, आणि ई-व्हिसाचा अर्जही तिथेच करावा, कारण हुबेहूब दिसणारी दलालांची संकेतस्थळे दुप्पट रक्कम उकळतात. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन म्यूआंग असे दोन विमानतळ आहेत व एकावरून दुसऱ्यावर जायला गर्दीच्या वेळी दीड तासही लागतो; भारतातून येणारे विमान आणि जोडसहलीचे विमान वेगवेगळ्या विमानतळांवरचे असेल, तर दोन्ही एकाच दिवशी ठेवू नयेत. जड सामान बँकॉकच्या हॉटेलात ठेवून पाठीवरच्या पिशवीनिशी जावे, जोडसहल प्रवासाच्या मध्यावर आखावी, आणि मुंबई किंवा हैदराबादच्या परतीच्या विमानाआधीची किमान एक रात्र बँकॉकमध्येच काढावी, कारण स्वतंत्र तिकिटांवर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.