मुलं आणि प्राण्यांच्या मैत्रीची चित्रपुस्तकं : सहा-सात महिने रोज वाचल्यावर

लेक साडेतीनची, झोपताना पुस्तक लागतंच, त्यामुळे ही पुस्तकं पार झिजेपर्यंत वाचून झालीत.

सगळ्यात जास्त चाललं ते ऑलिव्हर जेफर्सचं 'लॉस्ट अँड फाउंड' (2005). एका मुलाच्या दारात पेंग्विन येऊन उभा राहतो, मुलाला वाटतं हरवलाय बिचारा, म्हणून होडी वल्हवत थेट दक्षिण ध्रुवावर सोडायला निघतो. पेंग्विन अख्ख्या पुस्तकात अवाक्षर बोलत नाही, डोळे म्हणाल तर नुसते ठिपके, तरी निरोपाचं पान आलं की लेक त्या मुलावर डाफरते, "त्याला नाही राहायचंय तिथे, कळत नाही का तुला!" मजकूर अगदी थोडा आहे, मी बघत बघत मराठीतच सांगते, कुठे अडत नाही.

दुसरं जुडिथ केरचं 'द टायगर हू केम टू टी', 1968 चं. वाघ चहाला येतो, सोफीच्या घरातलं सगळं फस्त करतो, नळाचं पाणीसुद्धा संपवतो आणि जातो. का आला वगैरे काही नाही. नवऱ्याचं म्हणणं यात गोष्टच नाहीये, पण लेक फिदा आहे, आणि खरं सांगू का, सोफी त्या एवढ्या मोठ्या वाघाला न घाबरता बिलगते ते बघून मलाही मस्त वाटतं. आता आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की वाघ येऊन गेलेला असतो.

रॉड कॅम्पबेलचं 'डिअर झू' (1982) दीड-दोन वर्षांच्यांना बेस्ट. प्राणिसंग्रहालयाकडे पाळायला प्राणी मागितलेला असतो; पानावर चिकटवलेला फ्लॅप उघडायचा, आत हत्ती, फार मोठा, परत पाठवला, मग जिराफ, सिंह, असं करत शेवटी कुत्र्याचं पिल्लू. आमची आता मोठी झाली त्याला.

वाया गेला तो ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला सेट. ससा, हत्ती, मुलगा सगळ्यांचे डोळे एकाच साच्यातले आणि शेवटी चौकटीत तात्पर्य, मित्रांना मदत करावी म्हणे! ती चौकट आली की लेक पुस्तक मिटून टाकते.

खर्च करायच्या आधी प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा, मराठीत भरपूर पुस्तकं आहेत आणि फुकट, डाउनलोड करून प्रिंटही काढता येतं. रात्री मोबाईल नको म्हणून आम्ही तेच करतो. आणि पेंग्विनवालं घेणार असाल तर बोर्ड बुक (जाड पुठ्ठ्याच्या पानांचं) मिळतंय का बघा, आमच्या पेपरबॅकची पानं सेलोटेपवर तग धरून आहेत.