घरगुती मसाल्याच्या ऑर्डरी आणि व्हॉट्सॲप बिझनेस: दोन सीझन वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आम्ही कोल्हापूरचे, कांदा-लसूण मसाला सासूबाईंचा आणि ऑनलाइनचं सगळं माझ्याकडे. 2023 च्या मार्चपासून मी ऑर्डरी व्हॉट्सॲप बिझनेसवर, म्हणजे धंद्यासाठीच्या वेगळ्या व्हॉट्सॲपवर घेतेय, त्यामुळे आठवडाभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा. ज्यांना घरून काहीतरी विकायचंय, पापड असोत, परकर-पोलकी असोत नाहीतर क्रोशाची तोरणं असोत, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते, पहिल्या वर्षी वेबसाइटच्या मागे लागू नका, हे ॲप घ्या.

वेबसाइटचं बोलतेय कारण तो अनुभव मी पैसे मोजून घेतलाय. ओळखीतून एकाकडून 12 हजाराला साइट करून घेतली, दिसायला छान होती, पण चार महिन्यांत दोन ऑर्डरी आल्या आणि त्या दोन्ही पाहुण्यांच्याच. बाकीचे लोक काय करायचे, साइटवर फोटो बघायचे, तिथला नंबर घ्यायचे आणि मला मेसेज टाकायचे, ताई तिखट किती आहे, लहान मुलं खातील का, मटणाला चालेल का नुसता मिसळीला, खोबरं घातलंय का. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मसाला कुणी न बोलता घेतच नाही. अनोळखी घरचं तिखट आपल्या कालवणात घालायचं तर माणूस आधी दोन शब्द बोलून बघणारच, आणि ते बोलणं जिथं होतं तिथंच दुकान पाहिजे.

ॲप फुकट आहे. नेहमीच्या व्हॉट्सॲपचा नंबर यात टाकला तर तो नंबर इकडे येतो आणि तिकडचं बंद होतं, एकच नंबर दोन्हीकडे चालत नाही, म्हणून मी ड्युअल सिमच्या फोनमध्ये धंद्यासाठी वेगळं सिम घेतलं. हे सगळ्यात चांगलं केलं असं मला वाटतं, नाहीतर शाळेचा ग्रुप, माहेरचा ग्रुप आणि ऑर्डरी सगळं एकात एक होऊन जातं आणि कुणाचा तरी पत्ता वर निघून जातो.

कॅटलॉग म्हणजे आपली मांडणी. फोटो, नाव, भाव, खाली दोन ओळी. माझ्या कॅटलॉगमध्ये आज नऊ वस्तू आहेत, मसाला तीन वजनांत, मेतकूट, तिळाची चटणी वगैरे. पहिल्या वेळी मी फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढले होते, सासूबाईंनी बघितले आणि म्हणाल्या, "अगं, ह्यात माझी ब्याडगी काळी दिसतीय की, कोण घेणार हे? सकाळच्या उन्हात काढ." मग अंगणात पांढऱ्या सुती कापडावर मसाल्याचा छोटा ढीग केला, बाजूला अख्ख्या मिरच्या ठेवल्या, आठ-साडेआठचं ऊन, आणि तो लाल रंग असा आला की त्याच दिवशी स्टेटसवरून तीन ऑर्डरी झाल्या. खालच्या दोन ओळींतपण "शुद्ध, घरगुती, चविष्ट" असलं लिहू नका, सगळेच लिहितात. मी लिहिलंय रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला थोडी लवंगी, कांदा उन्हात वाळवून तेलात तळलेला. हे वाचल्यावर तिखट किती हे विचारणारे निम्म्यानं कमी झाले. वस्तू टाकल्यावर ती लगेच दिसत नाही, आधी व्हॉट्सॲपकडून तपासली जाते, तेवढी वाट बघा.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या दोन गोष्टी. एक म्हणजे क्विक रिप्लाय, तोच तोच मजकूर साठवून ठेवायचा आणि तिरपी रेघ टाकून छोटा शब्द लिहिला की पूर्ण मेसेज येतो. माझा एक भावाचा आहे, एक पोस्टेजचा, एक पत्त्याचा, त्यात नाव, घर, रस्ता, जवळची खूण, पिनकोड, मोबाइल असं सगळं ओळीनं मागितलंय, कारण लोक पिनकोड हमखास विसरतात. दुसरी म्हणजे लेबलं. नवीन ऑर्डर, पेमेंट बाकी, पेमेंट झालं, ऑर्डर पूर्ण, अशी रंगीत लेबलं चॅटला लावता येतात. रोज रात्री नऊला मी "पेमेंट झालं" उघडते, तिथं जेवढी नावं तेवढे पाऊच दुसऱ्या दिवशी सील करायचे, वेगळी वही लागत नाही. दिवाळीच्या गर्दीत सुद्धा एक ऑर्डर चुकली नाही.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम बऱ्याच जणांना पाठवायच्या सोयीबद्दल मात्र नीट समजून घ्या. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, हे मला पहिले सहा महिने माहीतच नव्हतं, मी पाठवत होते आणि निम्म्यांना पोचतच नव्हतं. आता पाऊचच्या मागच्या स्टिकरवर ॲपमधनं काढलेला क्यूआर छापलाय आणि खाली लिहिलंय "नंबर सेव्ह करा, नवा मसाला झाला की कळवू". डबा संपत आला की स्कॅन करायचा, थेट माझं चॅट उघडतं. परत येणारी बरीच गिऱ्हाइकं अशीच येतात.

ॲप काय करत नाही तेही सांगते. हिशोब ठेवत नाही, माल किती उरला ते सांगत नाही, आणि पैसे खरंच खात्यात आले का हे तर तुमचं तुम्हालाच बघायचंय. मागच्या वर्षी एकानं दोन किलोची ऑर्डर दिली, यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवला, घाई आहे म्हणाला, मी पाऊच भरायला बसलेपण आणि सहज बँकेचं ॲप उघडलं तर एक रुपया आलेला नव्हता. स्क्रीनशॉट बनवलेला होता. त्याच्या आधी एकानं "मी फौजी आहे, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे तुम्हाला येतील" असं केलं होतं. बायांनो, पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपले पैसे गेले. खात्यात बघितल्याशिवाय पाऊच हलवायचा नाही.

बॅकअप पहिल्याच दिवशी चालू करा. माझा फोन पाण्यात पडला होता आणि रोजचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जात होता म्हणून सगळे पत्ते वाचले.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण सगळ्यात जास्त घाबरवतात ते इथंच. खाण्याची वस्तू असेल तर फूड लायसन्सवाल्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर बेसिक रजिस्ट्रेशन करायचं, मी केलं तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला ते पुरत होतं आणि फी वर्षाला 100 रुपये होती, मी पाच वर्षांचं एकदम 500 भरून घेतलं. 14 आकडी नंबर मिळतो, तो पाऊचवर छापायचा, सोबत हिरवा ठिपका, वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, किती दिवस टिकेल आणि आपला पत्ता. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, तर सरकारी साइटवर आधारवर पूर्ण फुकट होतं, एका एजंटनं माझ्याकडून त्याचे 1500 घेतले, तुम्ही देऊ नका. जीएसटीचं असं, राज्यातल्या राज्यात माल विकायला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नंबर लागत नाही, पण मसाला राज्याबाहेर विकायचा तर पहिल्या पाकिटापासून लागतो. बेळगाव, बंगळूरहून आपली माणसं किती मागतात, त्यांना नाही म्हणताना जीवावर येतं, पण सध्या मी महाराष्ट्रातच पाठवते. मोठ्या शॉपिंग साइटवर विकायचं असेल तर ऑक्टोबर 2023 पासून छोट्यांना राज्यापुरतं जीएसटीशिवाय चालतं, फक्त जीएसटीच्या पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. मी अजून गेले नाहीये तिकडं.

पाठवायला मी स्पीड पोस्ट वापरते, चंदगडच्या वाडीवरसुद्धा जातं. इथं एक वजनाचा घोळ आहे जो मला वर्षभरानं कळला. 500 ग्रॅम ओलांडले की पोस्टाचा दर पुढच्या 500 ग्रॅमच्या टप्प्यावर जातो. अर्धा किलो मसाला, वर पाऊच, वर खोका, की काटा 570 दाखवतो आणि आपण किलोचे पैसे भरतो. आता मी 400 ग्रॅमचा पाऊच काढलाय, खोक्यासकट 480 च्या आत बसतो, गिऱ्हाइकाचं पोस्टेज कमी झालं आणि कॅटलॉगमधला सगळ्यात जास्त जाणारा पाऊच आज तोच आहे. मसाल्याला तेल सुटतं म्हणून आतला पाऊच जाड लॅमिनेशनचाच घ्या आणि सीलरनं दोन पट्ट्या मारा, एकीवर भरवसा ठेवू नका.

बाकी ॲपला पाचपैकी साडेचार देईन, अर्धा हिशोबासाठी कापला. आणि याचा खरा उपयोग मला यंदा कळला. मिरची आम्ही वर्षातून एकदाच घेतो, मार्च-एप्रिलला, ऊन दाखवून, देठं खुडून कांडपाला. किती घ्यायची हा आमच्या घरातला दरवर्षीचा वाद, कमी घेतली तर दिवाळीआधी संपते, जास्त घेतली तर पावसाळ्यात जपत बसायचं. यंदा फेब्रुवारीत मी "नवा मसाला बुकिंग" असं लेबल केलं आणि एक ब्रॉडकास्ट टाकला, पंधरा दिवसांत त्यात 64 नावं बसली, त्यातली 41 जुनी. सासूबाईंनी चष्मा लावून ती यादी वाचली, कुणाला किती ते बोटांवर मोजलं आणि त्या हिशोबानं मिरची सांगितली.