बत्तीसचा जड चाप: 14 महिन्यांनी माझं मत फिरलं

मंडळी, देशी बनावटीची बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर घेऊन 14 महिने झाले. सहा राऊंड, 700 ग्रॅमच्या आसपास वजन, हे तुम्हाला माहितीये, परत लिहीत नाही. 14 महिने म्हणजे तरी काय, 2024 ला लोकसभेच्या आचारसंहितेत मार्चपासून जूनपर्यंत आणि विधानसभेला परत ऑक्टोबर-नोव्हेंबर हत्यार पोलिस ठाण्यात जमा होतं, त्यामुळं कमरेला खरी दहाच महिने. आमचा पेट्रोल पंप आहे, शनिवार-रविवारचा गल्ला सोमवारी बँकेत न्यावा लागतो, लायसन्स त्यासाठीच.

पहिल्या दिवसापासून माझी तक्रार एकच होती, चाप (ट्रिगर) फार जड. घोडा (मागचा हॅमर, चाप ओढला की तो उचलला जातो आणि पडला की गोळी सुटते) आधी अंगठ्यानं न चढवता ओढायला गेलं की बोट थरथरायचं, नळी खाली जायची, रेंजवर पहिली गोळी कायम डावीकडं खाली. घोडा चढवून मारली की तीच रिव्हॉल्व्हर एकदम सरळ. शेवटी मोजायचंच ठरवलं. राऊंड काढून दुसऱ्या खोलीत ठेवले, सहाही घरं बोटानं चाचपली, आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा चापाला अडकवला (साडेतीनशे रुपयांचा, एवढ्यासाठी बाहेरून ट्रिगर गेज मागवायला पैसे वर आलेले नाहीत). घोडा न चढवता सहा किलोच्या वर, चढवून दोनच्या आसपास. टेक्सासला चुलतभाऊ असतो, त्याच्याकडं ग्लॉक पिस्तूल आहे, तो म्हणाला आमचा चाप साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो झाले. मग तर डोकंच फिरलं, एवढे पैसे मोजून आपण बैलगाडी ओढायची का.

स्प्रिंग हलकी करून घ्यायला लायसन्सवाल्या दुकानात गेलो तर तिथले वयस्कर मिस्त्री सरळ नाही म्हणाले. म्हणाले, "स्प्रिंग हलकी केली तर घोडा काडतुसाच्या टोपीवर मंद पडतो, गरजेला एखादा राऊंड फुटणारच नाही, आणि खिशात-कमरेत वागवायच्या हत्याराचा चाप मी हलका करत नाही, मग तुम्ही कितीही द्या." मी वैतागून बाहेर पडलो. ओळखीतला एक लेथवाला पाचशेत करून देतो म्हणाला, पण ज्याच्याकडं लायसन्स नाही त्यानं हत्यार दुरुस्त करणं हाच आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, म्हणून तो विचार सोडला. तेवढ्यासाठीच सोडला हो, चाप जडच राहावा असं तोवर मनात नव्हतं.

आता ज्याच्यामुळं हे लिहायला बसलो ते. डिसेंबरात सकाळी थंडी होती, अंगात जर्किन, पंपाच्या ऑफिसात भरलेली रिव्हॉल्व्हर कमरेच्या कव्हरमध्ये घालत होतो. रेंजवरच्या सरांनी एक सवय लावलीय, आत घालताना अंगठा घोड्यावर ठेवायचा. अर्ध्यावर गेली आणि अडली. मी आणखी दाबली, आणि अंगठ्याखाली घोडा वर उचलला जाताना जाणवला. तिथंच थांबलो. हळूच बाहेर काढली, बघतो तर जर्किनच्या खालच्या नाडीची गाठ, ते प्लास्टिकचं बोंडूक असतं ना, ते चापाभोवतीच्या कडीत जाऊन बसलेलं. बोट बाहेरच होतं, सरळ. चाप नाडी ओढत होती. नळीचं तोंड माझ्या मांडीकडं होतं आणि समोर खुर्चीत आमचा पोरगा नोटा मोजत बसलेला. माझे हात दहा मिनिटं थांबत नव्हते.

तर वर जे बैलगाडी म्हणालो ते मी मागं घेतो. तो सहा किलोचा, लांब ओढीचा चाप होता म्हणून मला थांबायला वेळ मिळाला. अडीच किलोचा, कमी अंतराचा असता तर अंगठ्याला कळायच्या आधीच काम झालं असतं. न्यूयॉर्क पोलिसांनी नव्वदच्या दशकात ग्लॉक घेतल्या तेव्हा मुद्दाम 12 पौंडांचा चाप बसवून घेतला होता, कारण त्यांची पोरं रिव्हॉल्व्हरवर तयार झालेली. जड चापानं नेम बिघडतो अशी तिकडंही ओरड झालीच, आणि ती खोटी नाही, माझा नेम अजून डावीकडंच जातो. पण मी महिन्यातून एकदा रेंजवर जातो आणि कव्हरमध्ये रोज दोनदा तरी घालतो-काढतो. ज्यांना घोडा चढवून कमरेला लावायची सवय आहे त्यांना हात जोडून सांगतो, नका करू, दोन किलोला नाडीसुद्धा लागत नाही.

जड चाप म्हणजे सेफ्टी असं मात्र म्हणत नाही. नाडी सहा किलोलाही ओढतच होती की. खरा दोष कव्हरचा. स्थानिक दुकानातलं नऊशे रुपयांचं मऊ चामड्याचं, दहा महिन्यांच्या घामानं तोंडाशी इतकं लुळं पडलं की कडा आत दुमडायला लागली, उद्या तीच कडा चापात गेली असती. दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो, "साहेब, चामडं आहे, बसणारच." बसणार असेल तर विकता कशाला? चापाची कडी पूर्ण झाकेल आणि रिकामं असतानाही तोंड उघडं राहील असं कडक कव्हर आता 2,200 ला बनवून घेतलंय. पैसे देताना जीवावर आलं, पण दिले. आता आत घालताना मान खाली घालून बघतो, घाई करत नाही. सेफ्टीचा खटका ऐनवेळी विसरेन म्हणून मी लावतच नव्हतो, तोही आता लावतो.

ऑक्टोबर 2024 ला गोविंदाच्या पायाला त्याच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली तेव्हा आईनं फोन करून विचारलेलं, तुझी नीट आहे ना रे? मी म्हणालो होतो, माझी नीट आहे, काळजी करू नको. डिसेंबरातलं तिला अजून सांगितलेलं नाही. जर्किनची नाडी त्याच रात्री कात्रीनं कापली, परवा तिनं ती बघितली आणि नवी घालून देते म्हणाली, मी जर्किनच तिच्या हातातून काढून घेतलं.