कोब्रा: फॉर्म जपून ठेवा, सही घाईने करू नका

अमेरिकेत नोकरी बदलताना पगाराइतकाच आरोग्य विमा आडवा येतो. अर्थतज्ज्ञ ब्रिजिट मॅड्रियन यांच्या १९९४ च्या अभ्यासानुसार, विमा नोकरीतून मिळत असल्यामुळे स्वतःहून नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटतं. यावर १९८६ पासूनचा उतारा म्हणजे कोब्रा, नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवू देणारा कायदा. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडलात की तोच प्लॅन, तेच डॉक्टर, १८ महिने.

हप्ता बघून मात्र घाम फुटतो. कंपनी भरत होती तो वाटाही आता तुमच्याच खिशातून, वर २ टक्के प्रशासकीय खर्च. समजा प्लॅनचा पूर्ण हप्ता महिना ७०० डॉलर आणि पगारातून कापले जायचे १५०, तर कोब्राचे ७१४. प्लॅन महागलेला नसतो, कंपनी किती भरत होती ते आता कळतं इतकंच.

खरी खुबी मुदतीत आहे. विमा संपल्यापासून किंवा कोब्राची नोटीस आल्यापासून, यातली जी तारीख नंतरची तिथून ६० दिवस निवड करायला आणि त्यानंतर ४५ दिवस पहिला हप्ता भरायला. कव्हर मागच्या तारखेपासून लागतं. नव्या कंपनीचा विमा महिन्याभरात सुरू होणार असेल तर थांबा. आजारपण आलं नाही तर दमडीही भरायची नाही; अपेंडिक्स काढायची वेळ आलीच तर मुदतीत सही करून मागचे सगळे हप्ते भरा. नवी कंपनी ९० दिवस थांबवणार असेल, तर नुसतं थांबून भागत नाही; निवडीच्या मुदतीत सही करावीच लागते.

घरातल्या प्रत्येकाची निवड स्वतंत्र असते, हे फारसं कुणी वापरत नाही. उपचार चालू असलेल्या एकालाच कोब्रावर ठेवा, बाकीच्यांना मार्केटप्लेसवर, म्हणजे स्वतःचा विमा विकत घेण्याच्या सरकारी बाजारावर. ऑक्टोबरात डिडक्टिबल (विम्याने पैसे देण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम) भरून झालं असेल तर कोब्रा बहुधा स्वस्त पडतो, कारण नव्या प्लॅनमध्ये मोजणी शून्यापासून.

गोच्याही आहेत. पैसे जमा होईपर्यंत फार्मसीत विमा बंद दिसतो; रोख भरून पावती ठेवा, नंतर क्लेम करा. नोकरीचा विमा गेल्यावर मिळणारी मार्केटप्लेसची ६० दिवसांची खिडकी बंद झाल्यावर वर्षाच्या मध्येच कोब्रा स्वतःहून सोडला, तर ती पुन्हा उघडत नाही. आणि पासष्टीनंतर कोब्राच्या भरवशावर मेडिकेअर पार्ट बी (ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) लांबवू नका: तिथली नाव नोंदवायची ८ महिन्यांची मुदत कोब्रा असला तरी थांबत नाही.