पऱ्हाटीची चूल, केळीचा गॅस की छोटी पवनचक्की: खान्देशात मिळून प्रयोग करायचा तर कोणता निवडावा?

चोपड्यात एक जण, शिरपुरात एक आणि नवापुरात एक. तिघांनी आपापल्या अंगणात एकच वस्तू बनवायची, मोजलेले आकडे ऑनलाइन एका जागी ठेवायचे आणि त्यावरून पुढची आवृत्ती सुधारायची. पर्यायी ऊर्जेतली हौशी माणसांची चांगली कामं अशीच पुढे गेली आहेत. टॉम रीड यांना १९८५ मध्ये वरून पेटवायच्या चुलीची कल्पना सुचली, पॉल अँडरसन यांनी तिची मापं सगळ्यांसाठी खुली ठेवली आणि मग देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या जळणाप्रमाणे ती बदलली. स्कॉटलंडमधल्या ह्यू पिगट यांची पवनचक्कीही अशीच गावोगावच्या वर्कशॉपमध्ये पोचली.

तुमच्या गटाने पहिला प्रयोग कोणता घ्यावा, हे ठरवायला आम्ही एकच कसोटी लावतो: दुसऱ्या गावातल्या माणसाला तोच प्रयोग घरच्या वजनकाट्यावर आणि थर्मामीटरवर पुन्हा करून तुमचा आकडा तपासता येतो का? या कसोटीवर चूल पहिली येते, गॅस दुसरा. पवनचक्की साक्रीच्या माळाकडे जागा असेल तरच.

पऱ्हाटीची चूल

या चुलीत पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, तुकडे डब्यात भरून वरून पेटवतात. आग हळूहळू खाली सरकते, तिच्या उष्णतेने लाकडातून वायू निघतो, तो वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेत मिसळून जळतो आणि तळाशी कोळसा उरतो. सुरुवातीसाठी ही मापं घ्या: आतला डबा १५ सेंमी व्यासाचा, २५ ते ३० सेंमी उंच. त्याच्या तळाला ६ मिमीची ३० भोकं, म्हणजे साधारण ८.५ चौ. सेंमी, डब्याच्या क्षेत्रफळाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. वरच्या कडेखाली २ सेंमीवर १० मिमीची ३२ भोकं. बाहेरचा डबा १९-२० सेंमी व्यासाचा, खालून हवा आत येईल असा. तोंडावर ७.५ सेंमी भोकाची चकती आणि तिच्यावर १५ सेंमीचं नळकांडं ठेवलं की ज्वाला एकत्र येते. पत्रा साधा लोखंडी किंवा स्टीलचा घ्या. आतल्या डब्याला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका, तापल्यावर त्याचा धूर अंगाला बाधतो.

पऱ्हाट्या चिमट्याने उपटल्यावर लगेच वापरायच्या नाहीत. न उमललेली, किडकी बोंडं आधी झोडून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत त्यांतच टिकते, आणि बांधावर रचलेला पऱ्हाटीचा ढीग म्हणजे तिचं घरच. चुलीच्या नादात शेजाऱ्याच्या कपाशीला अळी देऊ नका. मग दोन-तीन सेंमीचे तुकडे करा. कडबाकुट्टीत घातल्या तर काम लवकर होतं, पण कपाशीची साल चिंध्यांसारखी निघते आणि डब्यात अडकून बसते. म्हणून कुट्टी चाळणीवरून काढा, भुसा आणि साल बाजूला टाका.

धूर होतो तेव्हा कारण बहुतेक या तिघांपैकी एक असतं. जळण ओलं (ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा). भुसा जास्त, त्यामुळे खालची हवा कोंडलेली. किंवा तुकडे सैल पडून मध्ये पोकळी झालेली, आणि आग तिथूनच खाली धावलेली. ओलावा तपासायला २०० ग्रॅम तुकडे १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. १७६ ग्रॅम उरले तर ओलावा १२ टक्के. ज्वाला पिवळी होती ती लहान निळी झाली की वायू संपला. त्याच वेळी कोळसा पाण्यात विझवा किंवा झाकण लावून हवा तोडा. तो बंद खोलीत धुमसत ठेवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

आता खरी मजा, आणि ऑनलाइन गटांतल्या निम्म्या भांडणांचं मूळ. समजा ६०० ग्रॅम पऱ्हाटी जाळली. ५ लिटर पाणी ३० अंशांवरून ९९ अंशांवर गेलं आणि वर २५० ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं. पाण्यात गेलेली उष्णता: ५ × ४.१८६ × ६९ म्हणजे सुमारे १,४४४ किलोज्यूल, अधिक वाफेचे ५६४, एकूण २,००८. पऱ्हाटीची उष्णता किलोला १७ मेगाज्यूल धरली तर जळणात १०,२०० किलोज्यूल होते. कार्यक्षमता २० टक्के. पण तळाशी १३० ग्रॅम कोळसा उरलाय, त्यात किलोला २९ मेगाज्यूलप्रमाणे ३,७७० किलोज्यूल शिल्लक आहेत. ते वजा केले तर तीच चूल ३१ टक्क्यांवर जाते. अमळनेरचा माणूस २० लिहितो, दोंडाईचाचा ३१ लिहितो, आणि चूल दोघांची एकच. म्हणून टक्केवारी शेअर करूच नका. पाणी, दोन्ही तापमानं, उडालेली वाफ, जळण, ओलावा आणि कोळसा असे कच्चे आकडे ठेवा, टक्केवारी सामाईक गूगल शीट काढेल.

एक मर्यादा आधीच सांगतो. या चुलीची ज्वाला अरुंद आणि उंच असते. वरण, भात, चहा, अंघोळीचं पाणी उत्तम होतं. मांड्याच्या खापराला मात्र पसरट आच लागते, खापर मध्येच तापतं आणि मांडा कडेला कच्चा राहतो. आणि भरिताची वांगी पऱ्हाटीच्या उघड्या जाळावर जशी भाजली जातात तशी इथे भाजणार नाहीत. घरात मांडे-भरीतच जास्त होत असेल तर जुनी चूल मोडू नका.

केळीचा गॅस

रावेर-यावलच्या पट्ट्यात हा विचार पहिला सुचतो, कारण घड काढल्यावर खोड शेतातच पडून असतं. आमचं स्पष्ट मत: खोडाच्या मागे लागू नका. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि उरलेल्यात धागा. बारीक चिरलं तरी धागे टाकीत एकमेकांत गुंततात, वर तरंगून जाड थर धरतात आणि गॅस साठवणारा तरंगता ड्रम त्यात अडकतो. खोड कंपोस्टला द्या. गॅसच्या टाकीत नाकारलेली, फुटलेली केळी आणि साली जाऊ द्या, त्याही शेणाच्या जोडीनेच.

आकार असा: १,००० लिटरची प्लास्टिकची टाकी, तिच्यात उलटी घातलेली ७५० लिटरची. हीच तरंगत्या ड्रमची जुनी रचना. पुण्याच्या आरती (ARTI, अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने शहरी घरांसाठी अशाच दोन टाक्यांचा संच केला होता आणि त्याला शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनमधला अॅशडेन पुरस्कार २००६ मध्ये मिळाला. सुरुवातीला शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून भरा. दोन-तीन आठवडे थांबा. पहिल्या भरलेल्या ड्रममध्ये कार्बन डायऑक्साइड आणि हवाच जास्त असते, तो गॅस मोकळ्या जागेत सोडून द्या, पेटवून बघू नका. नंतर रोज १० किलो शेण, १० लिटर पाणी. ८०० लिटरच्या वापरत्या जागेत ही शेण-पाण्याची राबडी ४० दिवस राहते. एक किलो शेण साधारण ४० लिटर गॅस देतं, म्हणजे दिवसाला ४०० लिटर, घरगुती शेगडी तासभर.

यात केळी मिसळायची ती अर्ध्या किलोपासून, लगदा करून, आठवड्याला थोडी वाढवत. पिकलं केळ म्हणजे साखर. एकदम पाच किलो टाकलं तर आम्ल इतक्या वेगाने तयार होतं की मिथेन बनवणारे जिवाणू मागे पडतात. राबडीला आंबूस वास, गॅस पेटत नाही, पीएच पट्टी ६.५ च्या खाली. मग केळी बंद, काही दिवस फक्त शेण, आणि पीएच ६.८ च्या वर आल्यावरच पुन्हा सुरुवात. बऱ्याच टाक्या याच चुकीने बंद पडतात.

मोजणी इथे फसवी आहे. ड्रमचा व्यास ९० सेंमी आणि तो ४० सेंमी वर आला तर २५४ लिटर. पण मेच्या दुपारी ४२ अंशांचा गॅस फुगलेला असतो आणि त्यात पाण्याची वाफही जास्त असते. शून्य अंशाच्या कोरड्या गॅसवर आणला तर तो सुमारे २०० लिटर भरतो. जानेवारीच्या पहाटे १५ अंशांचा तोच २५४ लिटर गॅस २३७ भरतो. ड्रमची उंची लिहिली आणि तापमान नाही लिहिलं, तर त्या नोंदीवरून कुणालाच काही ठरवता येत नाही. शिवाय आपल्याकडे थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा गॅस खरोखरच निम्म्यावर येऊ शकतो. टाकी उन्हात ठेवा, रात्री गोणपाटाने झाका.

छोटी पवनचक्की

हिची ओढ सगळ्यांना असते. पण आधी गणित करा. २.४ मीटर व्यासाच्या चक्कीचं क्षेत्रफळ ४.५२ चौ. मीटर. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर हातात सुमारे ४० वॅट पडतात. ८ मीटर असेल तर ३३० च्या वर. वेग दुप्पट, वीज आठपट. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या माळावर मोठ्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तापीकाठच्या केळीच्या बागांत, घराच्या गच्चीवर मात्र त्याच चक्कीचं शोभेचं झाड होतं. आधी १० मीटर खांबावर वाटीचा वेगमापक वर्षभर ठेवा. नुसत्या जून-ऑगस्टच्या वाऱ्यावर भाळू नका.

बांधणीही अवघड आहे: निओडिमियम चुंबक (बोटं चिरडतात, तापले तर कमजोर होतात), रेझिनमध्ये ओतलेली कॉइल, वारा जास्त झाला की चक्की तिरपी करणारी शेपटी. चालत्या चक्कीची बॅटरी सुटली की भार जातो आणि पाती बेफाम फिरतात. म्हणून जास्तीची वीज जाळणारा हीटर आणि ब्रेक स्विच सोडूच नयेत. आणि दोन गावांचा वारा कधी सारखा नसतो, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याला ताडून पाहता येत नाहीत.

सोलर पॅनेलचं थोडक्यात: घरासाठी घ्या, प्रयोगासाठी नाही. त्यात आपल्याला शोधायचं फारसं उरलेलं नाही.

नोंदी कुठे ठेवायच्या

व्हॉट्सअॅप ग्रुप बोलायला चांगला, साठवायला वाईट. फोटो दाबले जातात, मापं वाचता येत नाहीत, तीन महिन्यांपूर्वीचा आकडा सापडत नाही. गिटहबसारख्या फाइली ठेवायच्या संकेतस्थळावर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, पण पहिल्याच दिवशी ते शिकायला लावलं तर अर्धे लोक गळतात. आमचा सल्ला: बोलणं व्हॉट्सअॅपवर, आकडे एका सामाईक गूगल शीटमध्ये, आणि नकाशे पक्के झाले की ते गिटहबवर, सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या खुल्या हार्डवेअर परवान्याखाली.

शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांतच टाका. '४२' असं मराठी अंकांत टाकलं तर शीट बहुतेक वेळा त्याला मजकूर समजते आणि बेरजेतून गुपचूप वगळते. डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर लावला असेल तर डेटा आणि वीज या दोन तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रोध (रेझिस्टर) हवाच. आणि रकान्यात अधूनमधून नेमकं ८५ आलं तर पाणी ८५ अंशांचं झालं असं धरू नका. सेन्सरने मोजणी पूर्ण करण्याआधी वाचन घेतलं की तो हाच आकडा देतो. -१२७ आलं तर तार निघालीय. फसलेली चाचणी पुसू नका, शेवटच्या रकान्यात कारण लिहा. फोटोत शेजारी स्टीलची पट्टी ठेवा.

कुणी चुंबकाचं आपोआप फिरणारं यंत्र किंवा पाण्यावर चालणारी मोटारसायकल घेऊन आलं, तर वाद न घालता दोनच आकडे मागा: आत किती वॅट गेले, बाहेर किती आले, दोन्ही एकाच मीटरवर, तासभर. पाणी फोडायला लागणारी ऊर्जा तो वायू जाळून मिळणाऱ्या ऊर्जेहून नेहमी जास्तच लागते.

वेळापत्रक शेतीशी जुळवून घ्या. पऱ्हाटी जानेवारी-फेब्रुवारीत निघते, मार्चपर्यंत वाळते, तेव्हा चुलीच्या चाचण्या मार्च ते मे. गॅसची टाकी फेब्रुवारीअखेर भरा, म्हणजे उन्हाच्या उबेत ती लवकर लागते आणि थंडी येण्याआधी आठ-नऊ महिन्यांच्या नोंदी हातात असतात. वेगमापकाचा खांब मात्र मे संपायच्या आत उभा राहिला पाहिजे.