गॅलॅक्सी एम३५ची बॅटरी : अकोल्याचा पूर्ण उन्हाळा काढल्यानंतर

सॅमसंगचा गॅलॅक्सी एम३५ मी २०२४च्या दिवाळीआधी घेतला, तो बॅटरीकडे बघूनच. ६००० एमएएच. काम कृषी सेवा केंद्रातलं, त्यामुळे अर्धा दिवस दुकानात आणि अर्धा कुणाच्या ना कुणाच्या शेतावर. कॅमेरा, गेम यांवर लिहिणारे बरेच आहेत, म्हणून इथे फक्त बॅटरी आणि चार्जिंग. आता हिवाळा, उन्हाळा आणि खरिपाची धावपळ असं सगळं या फोनने पाहिलंय. माझं मत पक्कं झालंय: किती टक्क्यांवर लावला, किती टक्क्यांवर काढला यापेक्षा आपल्या भागात बॅटरीला मारते ती उष्णता. बाकी सगळं त्याच्यानंतर.

फोन हातात देताना दुकानदाराने नेहमीचंच सांगितलं, "पयल्यांदी आठ तास लावून ठेवजा भाऊ, मंग वापरजा." हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्यांना पूर्ण भरणं आणि पूर्ण रिकामं करणं मानवायचं. आताच्या फोनमध्ये लिथियम-आयन असते. ती १९९१मध्ये सोनीने बाजारात आणली, आणि तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिला आठ तासांची गरज नाही. पूर्ण भरली की फोन स्वतःच करंट घेणं थांबवतो. मी खोक्यातून काढला, होता तेवढ्या चार्जवर सिमकार्ड टाकलं, सगळे अपडेट करून घेतले आणि रात्री नेहमीसारखा चार्जिंगला लावला. पहिल्या आठवड्यात बॅटरी थोडी लवकर उतरते. नवीन फोन आतल्या आत फोटो लावत बसतो, अ‍ॅप्स डाउनलोड होत असतात. तेवढ्यावरून बॅटरीला नावं ठेवू नका.

खोक्यात चार्जर नाही, फक्त केबल आहे, आणि ती दोन्हीकडून टाइप-सी. घरातला जुना, चौकोनी खाचेचा चार्जर त्या केबलला बसतच नाही. फोन २५ वॉटपर्यंत घेतो, पण त्यासाठी चार्जर पीपीएस (फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बारीक बदलणारी पद्धत) असलेला पाहिजे. नुसतं मोठ्या अक्षरात '३३ वॉट' लिहिलेलं चालत नाही, कारण काही कंपन्यांचे चार्जर आपापल्याच फोनला पूर्ण वेगाने चार्ज करतात. तपासायची सोपी खूण म्हणजे लावल्यावर स्क्रीनवर 'सुपर फास्ट चार्जिंग' अशी अक्षरं आली पाहिजेत. चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा. रस्त्यावरच्या दीडशे रुपयांच्या चार्जरवर ६००० एमएएचची बॅटरी रात्रभर सोडणं मला पटत नाही.

वेगाचं म्हणाल तर शून्यापासून पूर्ण भरायला दीड तासाच्या पुढेच जातं. त्यात शेवटचा टप्पा रेंगाळतो, आणि ते बरोबरच आहे. सुरुवातीला चार्जर जोरात करंट देतो. बॅटरीचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलं की करंट हळूहळू कमी करावा लागतो. म्हणून ८० टक्क्यांपर्यंत फोन भरभर जातो आणि पुढचे २० टक्के वेळ खातात. बॅटरी भरलेली असताना तिच्या आत ताण सर्वात जास्त असतो, त्यात ती गरम असली की आतल्या द्रावणाचं रासायनिक विघटन वेगाने होतं, आणि गेलेली क्षमता परत येत नाही.

आता उन्हाळ्याकडे येतो, कारण खरा कस तिथे लागला. बहुतेक फोन कंपन्या ० ते ३५ अंशांच्या हवेत फोन वापरा असं सांगतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. म्हणजे कंपनीची मर्यादा आपण घराबाहेर पाऊल टाकताच ओलांडतो. एकदा बार्शीटाकळीकडे जाताना फोन गाडीच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये होता. मॅप चालू, स्क्रीन उन्हामुळे आपोआप पूर्ण प्रकाशात, आणि गाडीच्या यूएसबीवरून चार्जिंगही चालू. थोड्या वेळाने चार्जिंग थांबल्याचा आणि बॅटरीचं तापमान जास्त असल्याचा संदेश आला. हा दोष नाही, ते संरक्षण आहे, आणि ते वेळेवर काम करतं हे पाहून मला फोनबद्दल विश्वास वाटला. तेव्हापासून मॅप लावला तर फोन खिशात आणि एका कानात इअरफोन. रस्ता ऐकू येतो, तेवढं पुरतं.

उन्हाळ्यात मी चार्जिंग पहाटेवर आणलं. सेटिंगमध्ये फास्ट चार्जिंग आणि सुपर फास्ट चार्जिंग अशी दोन वेगळी बटणं आहेत. मार्च ते जून दोन्ही बंद. वेळ जास्त लागतो, पण फोन हाताला कोमटसुद्धा लागत नाही. कव्हर काढायचं, फोन फरशीवर उलटा ठेवायचा, वर पंखा. कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नका, ती हवा ओली असते. आणि तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवायचा प्रकार मी दोन-तीन घरी पाहिला आहे. तो कृपा करून करू नका, आत दव धरतं. आई फोन उशीखाली चार्जिंगला लावून झोपायची. तिला एवढंच सांगितलं की गादीवर नको, टेबलावर ठेव. बाकी टक्क्यांचं गणित तिच्या डोक्यावर लादलं नाही.

टक्क्यांसाठी फोनमध्येच सोय आहे. बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' म्हणून पर्याय आहे, त्यात 'मॅक्सिमम' निवडलं की चार्जिंग ८०वर थांबतं. दुकानात बसायचं असतं तेव्हा मी तेच ठेवतो. ६००० एमएएचचे ८० टक्के म्हणजे ४८०० होतात, तेवढ्यात माझा दिवस निघून रात्री थोडी उरते. मोठी बॅटरी घेण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. खरिपात ई-पीक पाहणी (शेतातल्या पिकाची सरकारी अ‍ॅपवर नोंद) सुरू झाली की मात्र मर्यादा काढून १०० करतो. जीपीएस, कॅमेरा, डेटा, सगळं एकदम, आणि पाच-सहा शेतकऱ्यांची नोंद करून द्यायची म्हटलं की दुपारीच निम्मी उतरते. गरजेच्या दिवशी १००, एरवी ८०. ८० पाळायच्या नादात बांधावर फोन बंद पडला तर काय कामाचा?

अर्धवट चार्ज केल्याने सायकल (बॅटरीचा एकूण १०० टक्के वापर) वाया जाते ही भीतीही मनातून काढा. आज ६० टक्के भरले, उद्या ४०, मिळून एक सायकल. युरोपीय संघाने जून २०२५पासून नियम केलाय की तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतरही निदान ८० टक्के क्षमता धरून असली पाहिजे. मला दोन दिवसांत साधारण दीड सायकल लागते, त्या हिशेबाने ८०० म्हणजे जवळपास तीन वर्षं. सध्या मला दिवसभराच्या वापरात फरक जाणवत नाही.

एक गोष्ट आमच्या भागाची. जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या) दिवसांत फोनच्या चार्जिंगच्या खाचेत सरकीची बारीक रुई आणि धूळ जाऊन बसते. मग केबल पूर्ण आत जात नाही, हलवली की चार्जिंग तुटतं, आणि माणूस म्हणतो केबल गेली. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद कोरलं की राखाडी गोळाच बाहेर येतो. पिन किंवा सुई अजिबात वापरू नका, आतले संपर्क वाकतात.

रेंजचंही सांगायला हवं. अकोटहून पुढे मेळघाटात शिरलं की फोन टॉवर शोधत राहतो आणि खिशात असूनही बॅटरी उतरते. तिथे सरळ फ्लाइट मोड. गावात लाइट गेली की कधी कधी टॉवरही झोपतो, तेव्हाही तेच. ५जी धड मिळत नसेल तिथे ४जीवर ठेवलेलं बरं. स्क्रीन १२०वरून ६० हर्ट्झवर (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) आणली की थोडा फायदा होतो, पण स्क्रीनचा प्रकाश कमी करण्याचा फायदा त्याहून जास्त आहे.

पॉवर बँक घेणाऱ्यांसाठी: १०००० एमएएचची पॉवर बँक हा फोन दोनदा भरत नाही. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, बाहेर ५ व्होल्ट देताना आणि उष्णतेत मिळून बरंच जातं. माझ्या अनुभवात एकदा भरून जेमतेम काही उरतं. मुक्काम असेल तर २००००ची घ्या, वजन सोसत असेल तर. आणि तीही उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आत तोच लिथियम आहे.